म्हाताऱ्या कुत्र्याची पेज

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, विजेला भिते, एसटी वळणावर कलली की समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरते. घरात माझ्या या भित्रेपणावर पुष्कळ हसून झालं आहे. पण कुत्र्याची माझी भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिला कारण होतं.

माझं माहेर धनजचं. तिथे आमच्या शेजारी एक तरणाताठा गडी राहायचा. त्याला कुत्रं चावलं. कुत्रं चावलेल्या माणसाने विहिरींत डोकावलं की विष उतरतं, अशी तेव्हा गावोगाव समजूत होती. त्याला विहिरी दाखवून आणल्या. जखम भरली, गडी कामाला लागला, सगळे विसरून गेले. मग पावसाळा संपता संपता एके दिवशी त्याच्या आईने त्याच्यापुढे पाण्याचा लोटा धरला आणि तो किंचाळत भिंतीला जाऊन चिकटला. तहानेने जीव चालला होता त्याचा. पाणी मागायचा, आणि पाणी समोर आलं की गळा आवळून यायचा. शेवटी जरा शुद्धीवर होता तेव्हा तोच म्हणाला, "मले बांधा. माह्या हातून कोनाले काही होईन." लोकांनी दोर आणून त्याला बाजेला बांधलं. आई मला ओढून आत नेईपर्यंत मी हे दारातून पाहत होते. तेव्हापासून कुत्र्याच्या तोंडाला लाळ दिसली की मी वाट बदलते.

आणि नशीब पाहा, लग्न होऊन किन्हीराजाला आले तर उंबरठ्यावर माझ्या स्वागताला कुत्रंच. पिवळट रंगाचं, एक कान फाटलेलं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, त्याला नाव असं ठेवलंच नव्हतं. ते त्याला 'भाऊ' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून "भाऊ, जेवला का?" असं ऐकू आलं तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा गडवा भरला होता. कोणी पाहुणा आला असेल असं वाटलं मला. ह्यांनी, माझ्या नवऱ्याने, ती गोष्ट पुढे वर्षभर सगळ्या नातेवाइकांना सांगितली.

घरात आम्ही मोजकीच माणसं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे जवळच्याच मालेगावला शाळेत मास्तर, सकाळच्या गाडीने जायचे आणि दिवस मावळताना यायचे. नंतर माझी मुलगी झाली. आणि मामाजी. ते पलटणीत हवालदार होते. चीनच्या लढाईत पकडले गेले आणि काही महिने तिकडे कैदेत राहिले. सुटून घरी आले त्याच सुमारास हा भाऊ पिल्लू म्हणून दारात आला होता. कैदेतून सुटून आलेल्या माणसाकडे लोक जरा तिरकेच बघायचे. गावात काही जण त्यांना पाठीमागे 'चिनी' म्हणत. ते त्यांना माहीत होतं. कैदेबद्दल ते कुणाशी बोलायचे नाहीत. एकच गोष्ट सांगायचे, आणि तीही स्वयंपाकाची.

छावणीत थंडीने त्यांचे पाय आखडले होते. उठता येईना. तिथे एक म्हातारा चिनी आचारी होता. तो रोज सकाळी त्यांना जीभ बाहेर काढायला लावायचा, निरखून पाहायचा आणि मगच काय खायला घालायचं ते ठरवायचा. जीभ पांढरट असली की पेजेत आलं, हाडांचा रस आणि एक सुकं लाल फळ. जीभ लाल दिसली की ते सगळं बंद, आणि मूग नाहीतर काकडी-भोपळ्यासारखं काही थंड.

"त्याची भाषा मले समजे नाई, माही त्याले," मामाजी म्हणायचे. "पन जिभेची भाषा त्याले येत होती. त्याच्या पेजेनं उभा राह्यलो मी."

मी लग्न होऊन आले तेव्हाच भाऊ म्हातारा होता. दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो फारच खचला. मागचे पाय धरेनात, चालताना पुठ्ठा एका बाजूला जायचा. चैत्रातल्या दुपारी जिथे कावळेसुद्धा सावली धरून बसतात तिथे हा भर उन्हात जाऊन पडायचा. मामाजींनी त्याचा जबडा उघडला, जीभ पाहिली आणि निकाल दिला.

"पांढरी हाय. थंडी बसली त्याच्या आंगात. माह्या बसली होती तशीच."

झालं. चिनी दवाखाना आमच्या चुलीवर सुरू झाला. ज्वारीच्या कण्या, बकऱ्याचे पाय, ठेचलेलं आलं. तिकडचं लाल फळ इथे कुठून मिळणार? पण ते बोरासारखंच दिसायचं, म्हणून मामाजींनी आमच्याकडची सुकी बोरं त्यात टाकली. बारीक जाळावर ही पेज सकाळभर शिजायची, आणि माझी भाजी कोपऱ्यात वाट बघत बसायची. हाडं मात्र ते एकूण एक वेचून काढायचे. त्या बाबतीत फार काटेकोर होते.

गावात बोलणं सुरू झालं. आमच्याकडे गरम काय आणि थंड काय हे लहान पोरालाही कळतं. उन्हाळ्यात आलं आणि हाडांचा रस्सा माणूस खात नाही, मग कुत्र्याला कशाला? गरमी डोक्यात चढते आणि कुत्रं पिसाळतं, अशी लोकांची पक्की खात्री. पोलीस पाटील स्वतः येऊन सांगून गेले, "हवालदार, ह्या तुमच्या चिनी खान्यानं कुत्रं पागल होईन बरं." मामाजी हसले. मला हसू आलं नाही. मलाही मनातून तसंच वाटत होतं.

खोटं कशाला सांगू, पेज लागू पडली. पंधरवडाभरात भाऊ पाय टाकायला लागला. गाडी आली की रस्त्यापर्यंत जाऊन ह्यांना घेऊन यायला लागला. मामाजी गल्लीभर छाती काढून फिरले.

आणि मग त्याची लाळ गळायला लागली.

आधी थोडी, मग तार धरून. भुंकणं घोगरं झालं. पाण्याच्या घमेल्यापाशी जायचा, तोंड खाली न्यायचा आणि एकदम मान झटकून मागे सरकायचा. ते पाहिलं आणि मला धनजचा तो लोटा आठवला. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. रोज त्याच कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून उभी राहायची. मी तिला उचललं, आत नेलं आणि तिच्या अंगाचा कोपरा न् कोपरा उजेडात तपासला. कुठे ओरखडा नाही ना, कुठे ओलं लागलं नाही ना. नंतर दिवसभर दाराला कडी. हे आले तेव्हा मी सरळ म्हणाले, "एक तर कुत्रं जाईन, नाई तर मी पोट्टीले घेऊन धनजले जातो."

"बाबाले तूच सांग," हे म्हणाले. पलटणीतल्या बापाचा मुलगा, पण बापापुढे तोंड उघडायची हिंमत नाही.

मीच सांगितलं. धनजच्या त्या गड्याची सगळी हकिकत, लोट्यापासून दोरापर्यंत. मामाजींनी ती ऐकून घेतली. शेवटी म्हणाले, "भाऊ पागल नाई, पोरी. पन तुहं भेव खोटं नाई. उद्या जीभ पाहून ठरवतो." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखा त्याचा जबडा उघडला, आणि भाऊने त्यांचा हात फोडला.

अंगठ्याच्या बुडाशी दात चांगले रुतले होते. मामाजींनी भाऊला साखळीने गोठ्यात बांधलं आणि साबण घेऊन किती तरी वेळ हात धूत बसले. मी गडव्याने पाणी घालत होते. पाणी हातावर कमी आणि माझ्या पायांवर जास्त पडत होतं. मग हे त्यांना घेऊन मालेगावला डॉक्टरकडे गेले.

पोटात घ्यायची इंजेक्शनं मालेगावात नव्हती, अकोल्याला जावं लागणार होतं. मामाजी तयार होईनात. त्या सुयांनी एक जण कमरेखाली लुळा झालेला त्यांनी पलटणीत डोळ्यांनी पाहिला होता. डॉक्टरने पुष्कळ समजावलं आणि शेवटी एका अटीवर सोडलं. कुत्रं बांधून ठेवा, खायला घाला, लक्ष ठेवा. येता आठवडी बाजार जाऊन त्याच्या पुढचा बाजार येईपर्यंत ते जगलं तर भिण्याचं कारण नाही. पण मधे ते मेलं, नाही तर त्याचं लक्षण बिघडलं, तर घरी न थांबता अकोल्याची गाडी धरा. आणि कुणाला ते मारू देऊ नका, नाही तर काहीच कळणार नाही.

येताना मामाजींनी मालेगावातून एक नवा दोर आणला आणि गोठ्यात खुंटीला टांगला. भाऊ साखळी तोडेल म्हणून आणला असेल, असं मी समजले. मी माझ्याच विचारात होते. म्हातारं कुत्रं, मुळात मरायला टेकलेलं. ते नुसतं म्हातारपणाने मेलं तरी आम्हाला काय कळणार होतं? ज्या कुत्र्याच्या मरणाची मी सकाळपर्यंत वाट पाहत होते, त्याला आता जगवायचं होतं.

बातमी गावात पोचायला वेळ लागत नाही. दुपारी पोलीस पाटील आणि चार-सहा माणसं काठ्या घेऊन अंगणात आली. हे मालेगावातच शाळेला थांबलेले, मामाजी हाताला फडकं बांधून ओसरीवर. ते उठायच्या आत मीच गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली होती. मागे कुत्र्याची साखळी वाजत होती आणि त्याचा पण धाक होताच.

"बाजूले हो बाई," पाटील म्हणाले. "पिसाळलेलं कुत्रं हाय. गावात लेकरं हायत."

"माहं पन लेकरू हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "डाक्टरनं सांगतलं, कुत्रं मारलं तर काईच कयनार नाई. तुमी त्याले मारसान आन् घरी जासान. मंग माह्या सासऱ्याचं काय होईन, थे मी कोनाले इचारू? साखयीनं बांधलं हाय. सुटलं तर मीच तुमाले हाक मारीन."

सून माणूस गावच्या पुरुषांपुढे एवढं बोलते हे पाहून ते थबकले असावेत. पाटलांनी मामाजींकडे पाहिलं. "चिनी खान्यानं हे झालं, हवालदार," एवढं बोलून ते माणसं घेऊन परत गेले. मी तिथेच दाराला टेकून खाली बसले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सकाळी डोळा उघडला की आधी गोठा. कुत्र्याचं पोट वर-खाली होतंय ना? मग चूल, मग पेज. तीच पेज, जिच्यावर मी इतके दिवस कुरकुर केली. आता मीच ती ढवळत होते, आटू देत नव्हते, करपू देत नव्हते. पण भाऊ खाईना. वाटी पुढे केली की लाळ गाळत नुसता बघायचा. आणि दुसरीकडे माझं लक्ष मामाजींवर. ते पाणी प्यायला लागले की मी हातातलं काम टाकून त्यांच्या गळ्याकडे बघत राहायची. त्यांनी आपलं ताट आणि लोटा वेगळा केला, झोपायला गोठ्यात गेले, आणि नातीला जवळ घेणं बंद केलं. ती "आबा, आबा" करत ओसरीवरून हात पसरायची आणि ते मान फिरवायचे. भाऊच्या राखणीला ते तिथे झोपतात असं मला वाटत होतं. पण नातीला का घेत नाहीत, हे मी विचारलं नाही. विचारायचीही भीती वाटत होती.

पहिला बाजार गेला आणि भाऊने मान टाकली. डोळे अर्धे मिटलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात. मामाजी त्याच्याजवळ बसून म्हणाले, "जीभ पाहाले पायजे. पन डाक्टरनं मले त्याच्या तोंडात हात घालाले मना केलं." त्यांची जखम अजून ओली होती.

"मी पाह्यतो," मी म्हणाले.

"वेडी झाली का तू? काई नाई पाह्यची."

"मेलं तं कसं कयन आपल्याले?" मी ओरडले. सासऱ्यावर ओरडण्याची ती माझी पहिली वेळ.

मामाजींनी एकदा भाऊकडे पाहिलं. मग त्यांनी त्यांची घोंगडी भाऊच्या डोक्याभोवती गुंडाळून त्याला मांड्यांमध्ये पक्कं धरलं. मी दोन्ही हातांना जुन्या लुगड्याचे पट्टे बांधले आणि लाटणं त्याच्या जबड्यात आडवं घातलं. देवाचा धावा करण्याची सोय आमच्या घरात उरली नव्हती, वडीलधाऱ्यांनी ती बौद्ध धर्म घेतानाच सोडली होती. मी मनात त्रिशरण म्हणत होते आणि दोन शब्दांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. उन्हाचा कवडसा नेमका त्याच्या तोंडात पडला होता. जीभ लालभडक होती, कोरडी.

"लाल हाय," मी म्हणाले. आणि मग मला अजून एक दिसलं. मागच्या दाढेच्या आणि गालाच्या मधे, सुजलेल्या हिरडीत, काहीतरी रुतून बसलं होतं. भोवती पू.

मामाजी आता शेतकरी, आणि शेतकऱ्याच्या करदोट्याला काटा काढायचा चिमटा असतोच. त्यांनी तो डाव्या हाताने काढून दिला. किती वेळ लागला कोण जाणे. भाऊ घोंगडीच्या आतून कण्हत होता, त्याचा गरम वास माझ्या तोंडावर येत होता, आणि माझा घाम त्याच्या नाकावर टपटपत होता. शेवटी ते निघालं. बोराची बी. दाढेखाली फुटून टोकदार झालेली, आपल्या रानबोराची.

मामाजींनी ती तळहातावर घेऊन पाहिली. चिनी फळाची बी तो आचारी आधीच काढून टाकत असावा. मामाजींच्या हातात यायचा तो फक्त शिजलेला गर. हाडं एवढी निगुतीने वेचणाऱ्या माणसाच्या मनात बोराची बी आलीच नव्हती.

"म्हनून पानी पेत नोहता," ते हळूच म्हणाले.

दुपारी आम्ही मुगाचं पातळ पाणी गार करून त्याच्यापुढे ठेवलं. आलं बंद, हाडं बंद. त्याने हुंगलं. मग जीभ बाहेर आली आणि तो लपलप प्यायला लागला. मी तोंडात पदर कोंबून रडले. पण भीती गेली असं म्हणाल तर नाही. बी रुतलेलं कुत्रं पिसाळलेलं नसतंच असं कुठे आहे? दुसऱ्या बाजारापर्यंत थांबायचंच होतं. मी रोज त्याची जीभ पाहिली. लाटणं, पट्टे, त्रिशरण, सगळं रोज. काकडीचा रस, मूग, भोपळा. जीभ हळूहळू गुलाबी झाली. माझी भीती मात्र होती तिथेच.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी हे मालेगावला डॉक्टरला विचारून आले. आता भिण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. मामाजींनी गोठ्यात जाऊन साखळी काढली. भाऊ पाय ओढत ओसरीपर्यंत आला आणि उन्हात पडला. मी गोठा झाडायला घेतला. खुंटीवर तो नवा दोर तसाच होता, कोरा, एकदाही न वापरलेला.

"मामाजी, हा दोर कायले आनला होता? भाऊले तर साखयी होती."

ते साखळी गुंडाळत राहिले. ओसरीवर ह्यांनी मान खाली घातली.

"धनजच्या त्या पोराचं तू सांगतलं होतं ना," मामाजी म्हणाले. "मी पोराले सांगून ठेवलं होतं. पानी पाहून मी भ्यालो, तं पोट्टीजवय जायच्या आंधी मले बांधजो म्हनलं. तवा घाईत दोर कुठी पाहत बसान."

मी खराटा खाली ठेवला. इतके दिवस मला वाटत होतं की या घरात भिणारी मी एकटीच.

"तुमाले भेव लागत होतं?"

"मंग?" ते म्हणाले. "रोज लोटा तोंडाले लावाच्या आंधी त्यातलं पानी पाहो मी. पाह्यता येते का नाई म्हनून."

मग ओसरीवर बसले, नातीला मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, पानी दे." मी लोटा काठोकाठ भरून दिला. त्यांनी तो वर धरून घटाघटा प्यायला. हनुवटीवरून पाणी सदऱ्यावर ओघळलं, नातीच्या डोक्यावर ठिबकलं, ती खिदळली. मी शेवटच्या थेंबापर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत होते. त्यांनी रिकामा लोटा माझ्या हातात दिला.

"अजून आन," ते म्हणाले.